बी.ए. आणि मार्केटिंग, दोन्ही एकदम: दुहेरी पदवीचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात ऊसनोंदीच्या चौकशीबरोबर दुसरीही एक चौकशी सुरू होते. "पोरगी मुंबईला मामाकडं राहून शिकायचं म्हणते. बी.ए. पण करणार आणि मार्केटिंगची डिग्री पण घेणार, एकाच वेळी. असं चालतं का? का कुणी फसवतंय?" आपल्या भागातल्या पुष्कळ घरांचे कोणी ना कोणी मुंबईच्या उपनगरांत आहे. कोणी माथाडीत गेले, कोणी गिरणीत, कोणी बेस्टमध्ये, आणि मग घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला स्थायिक झाले. त्यामुळे राहण्याची सोय होते, पण प्रवेशाची माहिती देणारा घरात कोणी नसतो. म्हणून हा विषय येथे जरा सविस्तर मांडत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. होय, चालते. पण फार जुनी गोष्ट नव्हे. पूर्वी एका वेळी एकच नियमित पदवी करता येई. दुसऱ्या ठिकाणी नाव घातले तर एक प्रवेश रद्द होण्याची धास्ती असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एका विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मोकळीक दिली. त्या सूचनांत तीन वाटा आहेत. दोन्ही अभ्यासक्रम वर्गात बसून करता येतात, मात्र दोहोंच्या तासिकांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने अथवा ऑनलाईन करता येतो. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने. पीएच.डी.ला ही सवलत नाही. ज्यांनी २०२२ पूर्वीच अशा दोन पदव्या घेतल्या होत्या, त्यांचा प्रश्न काही काळ लोंबकळत होता. त्या त्या वेळचे नियम पाळून घेतलेल्या अशा पदव्याही धरल्या जातील, असे आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आयोगाने मोकळीक दिली म्हणजे प्रत्येक कॉलेजने ती अमलात आणलीच असे नाही. आपल्याकडे शासनाचा जी.आर. निघतो आणि तालुक्याचा कारकून म्हणतो, "आमच्याकडे अजून आलेला नाही." तसेच येथेही घडते. विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांतून नियम करायचा असतो आणि कॉलेजने तो पाळायचा असतो. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो. तो मूळ दाखला पहिल्या कॉलेजने ठेवून घेतला की दुसरीकडे काय द्यायचे? ही अडचण देशभर आली. तेव्हा पहिल्या ठिकाणी मूळ कागद देण्यापूर्वीच दुसऱ्या ठिकाणी विचारावे की साक्षांकित प्रत चालेल का. उत्तर तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावे. वजनकाट्यावरची पावती आपण जशी सांभाळून ठेवतो, तसा तो कागद ठेवावा.

आता 'दुहेरी पदवी' या शब्दाविषयी. हा शब्द मुलांच्या कानावर बहुधा परदेशातून येतो. ऑस्ट्रेलियात एकच विद्यापीठ चार-साडेचार वर्षांत कला आणि वाणिज्य अशा दोन पदव्या देते. दोन्हीकडे मोजले जाणारे विषय एकदाच शिकायचे असतात. त्यामुळे तीन आणि तीन मिळून सहा वर्षे लागत नाहीत, आणि वेळापत्रक विद्यापीठच जुळवून देते. आपल्याकडे २०२२ पासून जे सुरू झाले ते तसे नाही. येथे दोन स्वतंत्र प्रवेश, दोन फी, दोन परीक्षा आणि दोन वेळापत्रके असतात, आणि जुळवाजुळव विद्यार्थ्यानेच करायची असते. नाव एकच असले तरी मामला वेगळा आहे. शहरातल्या काही क्लासवाल्यांच्या रंगीत पत्रकात हा फरक सांगितलेला नसतो.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पूर्वहंगामी उसात आपण कांदा किंवा हरभरा घेतो. उसाची सरी मोकळी आहे, पाणी आहे, तोवर आंतरपीक निघून येते आणि मोठ्या बांधणीच्या आधी पैसे हातात पडतात. पण एकाच सरीत दोन ऊस लावले तर? दोन्ही बारीक राहतात. दोन पूर्णवेळ पदव्या म्हणजे एका सरीत दोन ऊस. आमचे हे मत काहींना जुनाट वाटेल. म्हणून आकडेच मांडतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे मोजमाप श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होते. महाराष्ट्रात एका सहामाहीला साधारण २२ श्रेयांक असतात, तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे १७६. तासिकेचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास शिकवणे. २२ श्रेयांक म्हणजे ३३० तास. सहामाहीत शिकवण्याचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला २२ तास झाले. ही एका पदवीची गोष्ट. दोन केल्या तर आठवड्याला ४४ तास वर्गात. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा अगदी किमान धरली तरी ३३ तास. त्यात प्रात्यक्षिके, प्रकल्प आणि घरचा अभ्यास आलेला नाही, आणि मुंबईचा प्रवासही आलेला नाही.

प्रवासाचे तेवढे सांगतो, कारण गावाकडून नकाशा पाहून अंतर कळत नाही. मुलुंड आणि घाटकोपर मध्य रेल्वेवर, अंधेरी आणि बोरिवली पश्चिम रेल्वेवर. पूर्वी एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला जायचा म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची, नाहीतर बसने दीड तास धक्के खायचे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरहून अंधेरी वीसेक मिनिटांवर आली. पुढे २०२२-२३ मध्ये दहिसर ते अंधेरी या मेट्रोही चालू झाल्या, त्यामुळे बोरिवलीकडच्यांची सोय झाली. सकाळी घाटकोपरला कॉलेज आणि दुपारनंतर अंधेरीला दुसरे, हे आज कागदावर जमते. मुंबईत पुष्कळ कॉलेजे सकाळी सातला भरतात. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी ही रीत पूर्वीपासून आहे. पण मुलुंडच्या मामाकडून पहाटे निघालेले पोर संध्याकाळी आठला परत आले, तर पुस्तक कधी उघडणार? परीक्षांचेही तसेच. दोन्हीकडच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. एकाच दिवशी दोन पेपर आले तर कोणतेही विद्यापीठ आपला पेपर तुमच्यासाठी पुढे ढकलत नाही.

मग जमण्यासारखी वाट कोणती? आमच्या मते एक पदवी मुख्य ठेवावी, ती कॉलेजात जाऊन करावी, आणि दुसरी दूरशिक्षणाने करावी. ज्याला भाषा, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास यांची आवड आहे त्याने बी.ए. नियमित करावे आणि वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी दूरशिक्षणाने घ्यावी. उलटेही चालते. दूरशिक्षणाच्या पदवीला कमी लेखू नये. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाईल, असे आयोगानेच कळवलेले आहे.

उपनगरांतल्या मुलांना ही सोय घराजवळ आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. पुढे त्या संस्थेला 'आयडॉल' म्हणू लागले आणि आता ती दूरस्थ व ऑनलाईन शिक्षण केंद्र या नावाने चालते. तिची इमारत सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. कुर्ल्याहूनही जाता येते, सांताक्रूझहूनही. मुलींसाठी महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एस.एन.डी.टी. विद्यापीठाचा आवार जुहूला आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत आणि अभ्यासाचे बरेच साहित्य मराठीत मिळते. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याला वाणिज्याच्या संकल्पना आधी मराठीत पक्क्या करून घेण्याची ही चांगली संधी आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ पासून आहे.

दूरशिक्षणात पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासावी. त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमासाठी त्या वर्षी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का? मान्यता संस्थेला असते तशी अभ्यासक्रमालाही असते, आणि दोन्ही पाहावी लागतात. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडून ती काढून घ्यावी. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला 'डेब आयडी' नावाचा क्रमांक स्वतः काढावा लागतो, आणि तो काढताना मान्यता नसलेल्या संस्था आपोआप बाजूला पडतात. "आम्ही सगळं करून देतो, तुम्ही फक्त पैसे पाठवा," असे कोणी सांगू लागला तर बियाण्याच्या बनावट पिशव्या आठवाव्यात.

आता मूळ मुद्दा. बी.ए. आणि मार्केटिंग यांचा एकमेकांशी संबंध काय? सभासदांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. बी.ए. म्हणजे दुसरे काही मिळाले नाही म्हणून केलेले शिक्षण, असा आपल्याकडे समज आहे. आणि मार्केटिंग म्हणजे दारोदार साबण विकणे, हा दुसरा समज. दोन्ही समज सोडून द्यावेत.

मार्केटिंग म्हणजे विक्री नव्हे. माल तयार झाल्यावर गिऱ्हाईक गाठणे ही विक्री. गिऱ्हाइकाला काय हवे, कोणत्या मापात हवे, किती दामाला परवडेल आणि त्याच्या मनात आपल्या मालाचे नाव कसे बसेल, हे माल तयार होण्याआधीपासून पाहणे म्हणजे मार्केटिंग. हे काम अर्धे हिशेबाचे आणि अर्धे माणूस ओळखण्याचे आहे. हिशेबाचा भाग वाणिज्य शिकवते. माणूस ओळखण्याचा भाग मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषा शिकवतात. म्हणून जाहिरातीच्या धंद्यात साहित्य शिकलेली आणि नाटकात रमलेली माणसे पुष्कळ दिसतात. भरत दाभोळकर हे रंगभूमीवरचे नाव, आणि अमूलच्या जाहिरातींतलेही.

अमूलचे उदाहरण आपण सहकारवाल्यांनी तर पाहावेच. आणंदच्या दूध उत्पादकांचा संघ डिसेंबर १९४६ मध्ये नोंदला गेला. म्हणजे तो आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा सहकारी संघ, चेअरमन-संचालक-सभासद असाच. पण १९६६ च्या सुमारास सिल्वेस्टर दा कुन्हा यांच्या मुंबईतल्या जाहिरात संस्थेने त्याच्या लोण्यासाठी ठिपक्यांच्या फ्रॉकातली एक चिमुरडी रंगवली, आणि तेव्हापासून ती मुलगी चालू घडामोडींवर कोटी करत फलकावर उभी आहे. ते चित्र चित्रकाराचे, ती कोटी भाषा जाणणाऱ्याची, आणि कोणत्या चौकात फलक लावायचा हे ठरवणारा मार्केटिंगवाला. तिघांनी मिळून खेड्यातल्या म्हशीच्या दुधाला घराघरात नाव दिले.

आपल्या साखरेला नाव आहे का? आपण ती ५० किलोच्या पोत्यात भरतो, निविदा काढतो आणि व्यापाऱ्याला देतो. पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते, पण ते किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत नुसती 'साखर' मिळते. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये एक कारखाना निघाला आणि पुढे त्याच्या बिस्किटांमुळे त्या उपनगराचे नाव देशभरच्या चहाच्या टपरीवर पोचले. तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, नाव मात्र आजही चालते. त्या बिस्किटात गहू कोणाचा आणि साखर कोणाची, हे कोणी विचारत नाही. नफ्याचा मोठा वाटा नावाजवळ राहतो, हे आपल्याला कळायला हवे.

हेही मान्य केले पाहिजे की साखर लोण्याइतकी मोकळी नाही. जून २०१८ मध्ये केंद्राने साखरेला किमान विक्री दर ठरवून दिला, किलोला २९ रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. दर महिन्याला किती साखर विकायची याचा कोटाही ठरवून येतो. लेव्ही साखरेचा जाच २०१३ मध्ये गेला एवढेच. तेव्हा कोणी मार्केटिंगची पदवी घेऊन आला आणि त्याने उद्यापासून भाव वाढवून दिला, असे होणार नाही. परंतु गूळ, काकवी, सेंद्रिय माल आणि आपल्या गावच्या महिला गटांचे पदार्थ या सगळ्यांना कोटा नाही. तेथे नाव, वेष्टन आणि चार ओळींचा मजकूर लिहिणारा माणूस लागतो. असा माणूस गावात नसल्यामुळे आपण तो शहरातून भाड्याने आणतो, आणि त्याला ऊस आणि ज्वारी यांतला फरकही सांगावा लागतो.

शहरातली काही कॉलेजे साखरेच्याच पैशावर उभी राहिली, हेही सभासदांना ठाऊक असावे. घाटकोपरच्या अलीकडचे विद्याविहार घ्या. तेथे १९५९ पासून सोमैयांचे कॉलेज आहे. करमशीभाई सोमैया यांचे साखर कारखाने आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीला होते. ते आवार २०१९ पासून स्वतंत्र खाजगी विद्यापीठ आहे. पार्ल्याच्या डहाणूकर वाणिज्य महाविद्यालयाला ज्या महादेव डहाणूकरांचे नाव आहे, त्यांनी १९३३ मध्ये श्रीरामपूरजवळ टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. तेथल्या मातीतला ऊस गाळून पार्ल्याला वाणिज्याचे वर्ग भरले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. तेव्हा आपल्या मुलाने त्या पायऱ्या चढताना बिचकण्याचे कारण नाही.

बाकीची काही नावे सांगून ठेवतो. अंधेरीला भवन्स कॉलेज १९४६ पासून आहे. पार्ल्याला साठ्ये आणि मिठीबाई, घाटकोपरला स्टेशनजवळ झुनझुनवाला कॉलेज, १९६३ चे. मुलुंडला एक मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स आणि दुसरे पूर्वेचे वझे-केळकर, १९८४ चे. बोरिवलीला गोखले कॉलेज. यांतली काही स्वायत्त झाली आहेत. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी विद्यापीठाचीच राहते. वझे कॉलेजचा आणखी एक गुण असा की मुलुंडच्या केळकरांचा सुगंधी द्रव्यांचा जुना व्यवसाय, आणि कॉलेजात अत्तरे व सौंदर्यप्रसाधने यांचाही अभ्यासक्रम. मळी आणि अल्कोहोल हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात रस वाटावा, पण तो विषय आज नको.

आता अभ्यासक्रमांच्या नावांचा घोळ. येथे पालक हमखास गोंधळतात. मुंबई विद्यापीठाने गेल्या शतकाच्या अखेरीस बी.एम.एस. हा व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम काढला आणि तो फार चालला. शेवटच्या वर्षी मार्केटिंग हा खास विषय घेता येई. २०२४ मध्ये बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सी.ई.टी. लागली. बारावीच्या मार्कांवर मिळणारा प्रवेश बंद झाला. तेव्हा मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने चालवायला घेतला, आणि त्याला सी.ई.टी. लागत नाही. म्हणून "बी.एम.एस.ला सी.ई.टी. आहे का?" या प्रश्नाला दोन कॉलेजांतून दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही खरी असतात. पदवीच्या कागदावर नेमके कोणते नाव येणार आणि सी.ई.टी.चा अर्ज भरायचा होता का, हे बारावीच्या परीक्षेआधीच विचारावे. निकालानंतर विचारले तर सी.ई.टी.चे अर्ज केव्हाच बंद झालेले असतात.

दुसरा अभ्यासक्रम पूर्वी बी.एम.एम. म्हणून ओळखला जाई. २०१९-२० पासून त्याचे नाव बी.ए. (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशन). तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एक बाजू निवडायची. ज्याला कला आणि मार्केटिंग दोन्ही हवे त्याच्यासाठी हा एकाच पदवीत बसणारा अभ्यासक्रम आहे, आणि अशा मुलाला दोन पदव्यांच्या मागे धावायची फारशी गरज पडत नाही. मात्र तो विनाअनुदानित आहे. त्याच कॉलेजात साध्या अनुदानित बी.ए.ची फी त्याच्या मानाने किरकोळ असते. पालकांनी दोन्ही फी-पत्रके शेजारी ठेवून पाहावीत.

'कला' या शब्दावरूनही एक गफलत होते. आर्ट्स म्हणजे चित्रकला नव्हे. मुलाचा हात चित्रात असेल आणि त्याला जाहिरातीची चित्रे काढायची असतील, तर त्याची वाट बी.ए.ची नाही. ती उपयोजित कलेची. सर जे.जे.चे उपयोजित कलेचे शिक्षण १९६१ पासून स्वतंत्रपणे चालते. ते उपनगरात नाही, बोरीबंदरजवळ आहे, आणि त्याची प्रवेश परीक्षाही वेगळी. चित्रकलेच्या मास्तरांनी शाबासकी दिलेल्या पोराला बी.ए.ला घालून त्याची तीन वर्षे घालवू नयेत.

दोन पदव्यांचा खर्च आणि दगदग टाळून काम भागवण्याचा आणखी एक मार्ग नव्या धोरणात आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. पूर्वी बी.ए. म्हणजे बी.ए., कॉमर्सचा विषय त्यात शिरत नसे. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवी रचना आली. त्यात एक मुख्य विषय, त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, आणि शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतले खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. मुख्य विषय मानसशास्त्र आणि ऐच्छिकात जाहिरात किंवा विक्री व्यवस्थापन, असे करता येते, अर्थात कॉलेज तो विषय शिकवत असेल तर. प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, हाही अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. उपनगरांत याचा मोठा फायदा आहे, कारण गोरेगावची चित्रनगरी, अंधेरीचे स्टुडिओ आणि कंपन्यांची ऑफिसे हाताशी आहेत. प्रवेश घेताना कॉलेजच्या इमारतीकडे आणि गॅदरिंगच्या फोटोंकडे पाहण्यापेक्षा, तुमच्याकडे दुय्यम आणि ऐच्छिक विषय नेमके कोणते आहेत, असे विचारावे. आमच्या अनुभवाने या एका प्रश्नावर निम्मा निकाल लागतो.

ज्यांना घाई नाही त्यांनी आधी बी.ए. चांगल्या मार्कांनी करावे आणि मग सी.ई.टी. देऊन दोन वर्षांचे एम.एम.एस. किंवा एम.बी.ए. मार्केटिंगमध्ये करावे. पाच वर्षांत दोन पदव्या होतात, आणि दुसरी वरच्या पायरीची असते. नोकरी देणारे यालाच जास्त मानतात असे आम्हाला दिसते. घरची स्थिती पाच वर्षे थांबण्याची नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नियमित एक आणि दूरशिक्षणाची एक, हाच मध्यम मार्ग.

पैशाचे गणित मांडताना काही सभासद शिष्यवृत्तीही दुहेरी धरतात. तसे धरू नये. हिशेबात एकाच अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती धरावी आणि दुसऱ्याची फी खिशातून जाणार असे समजूनच चालावे. फी सवलतीच्या राजर्षी शाहू महाराज योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफ आहे, त्यालाही ८ लाखांचीच मर्यादा. साधे बी.ए. व्यावसायिक धरले जात नाही. सी.ई.टी.मार्फत भरला जाणारा अभ्यासक्रम आणि नाव बदललेला बी.कॉम. यांना सवलतीच्या बाबतीत सारखेच धरतात का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारूनच अर्ज भरावा. पन्नास रुपयांच्या फॉर्मसाठी मुंबईला हेलपाटा नको म्हणून फोनवर विचारले तरी चालेल, पण बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे.

कागदांची तयारी गळीत हंगाम संपण्याआधी करावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर. हे सगळे निघेपर्यंत आठवडे जातात, आणि जूनमध्ये तर सगळ्या तालुक्याची रांग एकदम लागते. मार्चमध्ये अर्ज दिला तर दाखला मेपर्यंत हातात येतो. ऊसबिलाच्या पावत्या आणि सात-बारा उतारा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मागतात, तेव्हा त्या आपल्या गट ऑफिसातून वेळेवर मागून घ्याव्यात. दाखल्यावरचे आणि दहावीच्या मार्कशीटवरचे नाव अक्षरशः एक आहे ना, ते आधी पाहावे. 'पाटील' आणि 'पाटिल' एवढ्या फरकावरूनही अर्ज परत येतो.